कान दिसायला हवेत

पहाटेची बस मला वळणावर टाकून गेली,
जिथे रस्ता संपतो
आणि गालिसिया उरते वाऱ्यापुरती.
खांद्यावर तिकाटणं, पिशवीत तीन भिंगं,
खिशात कालच्या पावाचा तुकडा.
प्रकाशाची वाट बघणं हा माझा उद्योग,
आणि इथला प्रकाश बुडव्या गिऱ्हाइकासारखा,
देतो म्हणतो, देत नाही.

धुकं. धुक्याआड भोंगा.
मग हळूच एक कडा, कोळशाच्या वखारीसारखा काळा,
अंगभर पिवळी काटेरी झुडपं,
कोणी हळद सांडून पळालं असावं तशी.
सत्तर फोटो काढले.
साठ पुसले.
उरलेल्यांत भिंगावरचा एकच थेंब
दहा वेळा, इमानेइतबारे.

खाली खडकांत लोखंडी क्रूस रोवलेले,
नावं गंजलेली, वर्षं शाबूत.
मी कोन शोधत गुडघ्यावर बसलो:
क्रूस डावीकडे, आभाळ दोन तृतीयांश,
जरा मागे, अजून जरा मागे,
आणि वरून हाक आली,
हाक कसली, शिवीच:
"पाठ दाखवू नकोस त्याला!"

दोसिंदा. वय तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक भावाच्या, अमारोच्या, मुठीत.
हातात खुरप्यासारखं पातं.
ओहोटीचे दोन तास, तेवढीच तिची कचेरी.
लाट सरली की ती उतरायची,
चार घाव, पाचवा नाही,
की परत वर, आणि फेस तिच्या टाचा चाटून जायचा.
मुठीत पेर्सेबेस,
घोरपडीची नखं वाटावीत असे
खडकाला धरून जगणारे जीव.
समुद्राकडे ती बघतही नव्हती,
पण मान तिकडे कललेली,
आतल्या खोलीतल्या सासऱ्याच्या खोकल्याकडे
सुनेचा कान असतो तशी.

मी सुटलोच.
ताणलेला दोर, उडते तुषार, हवेत अडकलेलं पाऊल.
हे भिंतीवर लागेल, मनात म्हणालो,
मोठ्या शहरातल्या मोठ्या भिंतीवर.

दुपारी ती जाळीची पिशवी ओढत वर आली,
कॅमेऱ्याकडे हनुवटी उडवली.
"चांगला आहे?"
"बरा आहे."
"मग एक काढ. परवान्याला लागतो, सोमवारी शेवटची तारीख.
गावातला फोटोवाला मार्चमध्ये गेला,
आणि त्या नाण्याच्या यंत्रात माझा चेहरा निळा येतो."

नियम तिला पाठ होते:
मागे पांढरं. हसायचं नाही. कान दिसायला हवेत.
"आणि हे नको," म्हणाली,
'हे' म्हणजे अख्खा अटलांटिक.

दीपगृहाच्या भिंतीला टेकून ती उभी राहिली.
ओल्या बोटांनी केस कानांमागे सारले.
अमारोनं बाहीला थुंकी लावून
तिच्या गालावरचं मीठ पुसलं, ती त्याच्यावर खेकसली.
दिवसभरात पहिल्यांदा मी क्षितिज कापलं.
एकच फोटो. दुसरा काढू देईना.
ओल्या वर्तमानपत्राची पुडी हातात कोंबली:
"हे घे. फुकट नाही करायचं काही."

रात्री खाणावळीच्या बाईनं ते तमालपत्र टाकून उकडले.
पहिल्याच चाव्याला खारं पाणी उडालं
थेट डोळ्यात.
दुसऱ्या डोळ्यानं दिवसाचे फोटो बघितले:
पाऊल धूसर, दोर चौकटीबाहेर,
फेस जळून नुसता पांढरा कागद.

आणि दोसिंदा,
पापणीच्या केसाकेसापर्यंत स्वच्छ.
मोठी केली. अजून मोठी.
उजव्या बुबुळात मोहरीएवढा एक माणूस,
वाकलेला, तोंडाच्या जागी यंत्र,
आणि त्याच्या मागे समुद्र,
ज्याला त्यानं पाठ दाखवलीय.
मागे एक उभी पांढरी रेघ.
लाट असेल. किंवा भिंगातला दोष.

सकाळी औषधाच्या दुकानातून सहा प्रती छापून घेतल्या,
पाकिटावर तिचं नाव घातलं,
दीपगृहापर्यंत चालत गेलो, वाटभर समुद्र एका बाजूला ठेवून.

दोन्ही कान दिसतात.